प्रोसेसर घरी तपासताना: हा आकडा नक्की प्रोसेसरचाच आहे ना?

नवा प्रोसेसर बसवायचा, सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) एकदा चालवायचं, एखादा गेम अल्ट्रा सेटिंगवर लावून कोपऱ्यातला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघायचा आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. बहुतेकांची तपासणी इथेच संपते. त्यात मोजलं जातं ते कधी ग्राफिक्स कार्ड, कधी अर्ध्या वेगाने धावणारी रॅम, तर कधी दुपारची तापलेली खोली. प्रोसेसर मात्र बाजूलाच राहतो. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा आहे: हा आकडा कशाने अडला?

उदाहरणासाठी एएमडीची रायझन ७ ७८००एक्स३डी आणि रायझन ७ ९७००एक्स ही जोडी घेतली आहे. दोन्हींत ८ कोर, १६ थ्रेड, सॉकेट एएम५. त्यामुळे बोर्ड, रॅम, कूलर, विंडोज सगळं तेच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येतो. पहिल्यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आणि कमाल ५ गिगाहर्ट्‌झ. दुसऱ्यात ३२ एमबी कॅश, पण नवी झेन ५ रचना आणि कमाल ५.५ गिगाहर्ट्‌झ. एक गेममध्ये सरस, दुसरा कामात, त्यामुळे चाचणीत चूक झाली की लगेच उघडी पडते. इंटेलसाठीही क्रम हाच. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आधी प्रश्न लिहून काढा, मग सामान जमवा

वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट, तुम्ही खरोखर खेळता ते ३ ते ५ गेम, रोजची सॉफ्टवेअर्स, आणि दिवसाला प्रत्येकाचे तास. दिवसाचे सहा तास एक्सेल आणि एक तास व्हॅलोरंट असेल, तर ब्लेंडरचा स्कोअर तुमच्या काहीच कामाचा नाही.

सामान असं लागेल:

- डीडीआर५ रॅमच्या दोनच पट्ट्या, प्रत्येकी १६ जीबी, ६००० वेगाच्या, शक्यतो सीएल३० (सीएल म्हणजे रॅमचा विलंब, कमी तेवढा चांगला). चार पट्ट्या लावू नका. रायझन ७००० मालिकेत चार पट्ट्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो.
- एकच कूलर, दोन्ही प्रोसेसरांसाठी. चांगला दुहेरी टॉवर किंवा २४० मिमीचा लिक्विड कूलर पुरतो. या दोन्ही मॉडेलांच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.
- थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड.
- बायोस अपडेटसाठी एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह.
- खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आणि भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर.

ग्राफिक्स कार्ड हाताशी असेल त्यातलं सगळ्यात ताकदवान घ्या. ते कमजोर असेल तर गेमच्या चाचणीत दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसतील आणि तुम्ही ‘काही फरक नाही’ असा चुकीचा निकाल काढाल.

## २. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन कामं

बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. जुन्या प्रोसेसरवर असतानाच करा. २०२४ पूर्वीच्या बायोसवर ९७००एक्स ओळखला जाणार नाही आणि तुम्ही नवा प्रोसेसर मेला समजून दुकान गाठाल. ७८००एक्स३डी च्या बाबतीत कारण आणखी गंभीर आहे. २०२३ मध्ये काही बोर्डांवर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) जास्त गेल्याने असे प्रोसेसर जळाले, त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून ते १.३ व्होल्टला बांधलं. जुन्या बायोसवर हा प्रोसेसर बसवूच नका.

बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की. ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर बोर्ड विचारतो की नवा प्रोसेसर सापडला, एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्या जपणारी जागा) रीसेट करू का? ‘वाय’ दाबलं की ड्राइव्हचं कुलूप उघडणारी जुनी किल्ली गेली. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शन तुमच्या नकळत चालू झालेलं असू शकतं. आधी की कागदावर उतरवा किंवा एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. डेटा अडकला की उपाय नाही.

> इंटेलवाल्यांसाठी: १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येण्याचा दोष होता. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा असलेला बायोस टाकल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. सेकंडहँड घेत असाल तर लक्षात ठेवा, आधी झालेली झीज बायोसने भरून निघत नाही.

## ३. बसवणं

१. पेस्ट लावण्याआधी प्रोसेसरच्या टोपीवरच्या अक्षरांचा आणि बॉक्सवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. पेस्ट लागली की ही संधी गेली, आणि वॉरंटीच्या वेळी हाच पुरावा लागतो.

२. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर कडांना धरा, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा, सरळ खाली ठेवा. जोर लावायचा नाही. काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा. ते नसेल तर काही दुकानं बोर्ड परत घेत नाहीत.

३. पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी आणि चार कोपऱ्यांकडे एकेक ठिपका. एएम५ च्या टोपीला बाजूंनी खाचा आहेत, जास्त पेस्ट त्यात उतरते. साधी पेस्ट वीजवाहक नसल्याने नुकसान होत नाही, पण साफ करताना जीव जातो.

४. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली ना? हात लावून बघा. मग स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर पेस्ट एकीकडे सरकते आणि एकच कोर विनाकारण तापतो.

५. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारीशेजारी लावली तर बऱ्याच बोर्डांवर एकच चॅनल चालतो आणि गेममधला एफपीएस घसरतो.

> थांबा: पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहील. डीडीआर५ ची रॅम स्वतःची जुळवणी करत असते आणि त्याला काही मिनिटं लागतात. दहा मिनिटं बटणाला हात लावू नका. मध्येच बंद केलं तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

## ४. बायोस: काय चालू, काय बंद

चाचण्यांची सगळ्यात जास्त वाट इथे लागते. क्रम असा ठेवा.

आधी ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स’. मग एक्सपो प्रोफाइल (रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. बायोस अपडेट केल्यावर एक्सपो आपोआप बंद झालेलं असतं, हे लक्षात ठेवा. एक्सपोविना ६००० ची रॅम ४८०० किंवा आसपास धावते. त्या अवस्थेत मोजलेला ९७००एक्स हा ९७००एक्स नव्हेच. ७८००एक्स३डी मोठ्या कॅशमुळे हळू रॅम बरीच सोसतो, ९७००एक्स तेवढी सोसत नाही. म्हणजे एकाच चुकीची शिक्षा दोघांना वेगवेगळी होते आणि तुलनाच वाकडी होते.

मग पॉवर लिमिट. ९७००एक्स चा टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट लिहिलेला असतो, पण प्रत्यक्षात सॉकेटला मिळणारी मर्यादा ८८ वॅट. नंतरच्या बायोसमध्ये १०५ वॅटचा पर्याय आला, त्यात मर्यादा १४२ वॅटवर जाते. दोन्ही ग्राह्य आहेत, पण तुम्ही कोणता लावला ते वहीत लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. पीबीओ (एएमडीचं आपोआप ओव्हरक्लॉकिंग) आधी बंद, म्हणजे ‘ऑटो’ नव्हे तर स्पष्ट ‘डिसेबल्ड’.

इंटेल बोर्डांवर ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ हा प्रोफाइल निवडा. कोअर आय५ १४६००के ची कमाल टर्बो मर्यादा १८१ वॅट आणि आय९ १४९००के ची २५३ वॅट. काही बोर्ड मल्टीकोअर एन्हान्समेंटच्या नावाखाली ही मर्यादा उठवतात. मग तुम्ही प्रोसेसर मोजत नसता, बोर्डाची हौस मोजत असता.

शेवटी पंखे. चाचणीपुरते सगळे पंखे एका ठरावीक वेगावर, समजा ७० टक्क्यांवर, बांधून ठेवा.

> तपासा: टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग ६००० दिसतो का? एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर) एसओसी व्होल्टेज १.३० च्या आत आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढे.

## ५. विंडोज शांत करा

चिपसेट ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून टाका. विंडोज अपडेट पूर्ण करून घ्या आणि चाचणीच्या दिवशी अपडेट थांबवून ठेवा. विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती असू द्या; रायझनच्या ब्रांच प्रेडिक्शनसाठीची (पुढची सूचना आधीच ओळखण्याची) सुधारणा त्यात आहे. एका प्रोसेसरची चाचणी जुन्या आवृत्तीवर आणि दुसऱ्याची नव्या आवृत्तीवर केली, तर तुम्ही मोजलेल्या फरकात विंडोजचाही वाटा येतो.

मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) चालू असेल तर काही गेममध्ये एफपीएस कमी होतो. मत असं: तुम्ही रोज जसं वापरणार तसंच ठेवा, फक्त दोन्ही वेळा सारखं. चाचणीपुरतं बंद करून मिळवलेला आकडा नंतर कधी दिसणार नसेल, तर तो कशाला हवा?

आरजीबी दिव्यांची सॉफ्टवेअर्स, लाँचर, क्लाउड सिंक बंद करा. सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर एकच चालू ठेवा. तीन सॉफ्टवेअर्स एकाच वेळी सेन्सर विचारायला लागली की गेममध्ये बारीक अडखळ येते आणि दोष प्रोसेसरच्या माथी बसतो.

७९५०एक्स३डी सारख्या दोन चिपलेटवाल्या (कोर दोन वेगळ्या तुकड्यांत असलेल्या) प्रोसेसरांत मोठी कॅश एकाच चिपलेटवर असते. तिथे गेम योग्य बाजूला पाठवण्याचं काम चिपसेट ड्रायव्हर आणि एक्सबॉक्स गेम बार करतात, म्हणून तिथे गेम बार काढून टाकू नका.

## ६. आधी स्थिरता, मग वेग

अस्थिर मशीनवरचा स्कोअर कचऱ्यात टाकायच्या लायकीचा. एक्सपो हेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणून पहिल्या रात्री रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. त्यानंतर ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी सॉफ्टवेअर्स) एक तास.

या तासाभरात एचडब्ल्यूइन्फोच्या तळाशी असलेली ‘व्हीया’ चुकांची (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअर चुकांची) ओळ बघा. मशीन बंद पडली नाही, पण ही संख्या शून्याच्या वर गेली, तर काहीतरी कडेवर चालू आहे. सिनेबेंच न पडता पूर्ण झालं म्हणजे मशीन स्थिर, हा गैरसमज सोडा.

## ७. कामाच्या चाचण्या

सिनेबेंच आर२३ सुरुवातीला चालवा, पण निकाल म्हणून नव्हे, तब्येत तपासायला. दहा मिनिटांच्या मोडमध्ये मल्टीकोअर स्कोअर ७८००एक्स३डी ला १८ हजारांच्या आसपास आणि ८८ वॅटवरच्या ९७००एक्स ला २० हजारांच्या आसपास यायला हवा. १४–१५ हजार आला तर पुढे जाऊ नका. फिल्म, पंखा, पॉवर प्लॅन, पार्श्वभूमीतलं सॉफ्टवेअर, या क्रमाने शोधा.

ही चाचणी चालू असताना ‘कशाने अडलं’ हे वाचायला शिका. तीन आकडे एकत्र बघा: सीपीयू पीपीटी (सॉकेटमधून घेतलेली वीज), टी-डाय तापमान (चिपचं स्वतःचं) आणि ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्ष कामाचा वेग). साधा ‘कोअर क्लॉक’ नको, झोपलेल्या कोअरलाही तो मोठा आकडा दाखवतो. ९७००एक्स मध्ये पीपीटी बरोबर ८८ वर चिकटलेलं आणि तापमान ९५ च्या बरंच खाली असेल, तर तो वीजमर्यादेने अडला आहे. महागडा कूलर लावून स्कोअर फारसा वाढणार नाही. ७८००एक्स३डी मध्ये तापमान ८९ वर टेकलं असेल, तर तो उष्णतेने अडला, कारण त्याची कमाल मर्यादाच ८९ अंश आहे. इथे कूलरने फरक पडेल. दोन्हींपैकी काहीच नसेल तर तो स्वतःच्या क्लॉक मर्यादेवर आहे, म्हणजे सगळं ठीक.

आता खरं काम:

व्हिडिओ. लग्नाच्या शूटिंगमधली दहा मिनिटांची ४के क्लिप घ्या आणि हँडब्रेकमध्ये एक्स२६५ ने बदला. यादीत एनव्हीएनक किंवा क्विकसिंक निवडलंत तर काम प्रोसेसरचे कोर नव्हे, ग्राफिक्सचा भाग करतो. एडिटिंग हाच धंदा असेल तर एक वेगळी चाचणी लावा: कॅमेऱ्याची १० बिट ४:२:२ एच.२६५ फाइल टाइमलाइनवर सरळ ओढून बघा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या ग्राफिक्समध्ये हे वाचायची सोय आहे. मात्र नावात ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरात ग्राफिक्सच नसतं, म्हणून ती सोयही नसते.

थ्रीडी. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये डिव्हाइस ‘सीपीयू’ आहे हे दोनदा बघा.

कोड. क्लीन बिल्ड (सगळा कोड नव्याने बांधणं) मोजा, पहिली फेरी टाकून द्या. पहिल्या फेरीत फाइली डिस्कवरून येतात, नंतर रॅममधून.

एक्सेल. तुमची सगळ्यात जड शीट उघडा, कंट्रोल-ऑल्ट-एफ९ ने पूर्ण पुनर्गणना करा आणि वेळ घ्या. मॅक्रोचा वेळ वेगळा मोजा. सूत्रांची गणना अनेक थ्रेडवर वाटली जाते, व्हीबीए मॅक्रो मात्र एकाच थ्रेडवर चालतो. १६ कोअर घेऊनही मॅक्रो तेवढाच वेळ का घेतो, याचं उत्तर इथे आहे.

प्रत्येक काम तीनदा, मधे पाच मिनिटं विश्रांती. मधला आकडा घ्या.

> हिशेबाची नेहमीची चूक: ३०० सेकंदांचं काम २४० सेकंदांत झालं, तर वेळ २० टक्के कमी झाला, पण वेग २५ टक्के वाढला. एका प्रोसेसरसाठी वेळ आणि दुसऱ्यासाठी वेग वापरला तर तुलना कोसळते. एकच पद्धत धरा.

## ८. गेमच्या चाचण्या

दोन भाग, आणि दोन्ही लागतात.

भाग अ: प्रोसेसर उघडा पाडणं. रिझोल्यूशन १०८०पी, डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करणाऱ्या सोयी) ‘परफॉर्मन्स’ वर. म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं ओझं उतरतं. व्ही-सिंक बंद, एफपीएसची मर्यादा बंद, फ्रेम जनरेशन बंद. तयार केलेल्या मधल्या फ्रेम प्रोसेसरने काढलेल्या नसतात.

पण सगळीच सेटिंग ‘लो’ करू नका, ही चूक जाणकारही करतात. गर्दीची घनता, दूरवरचं दृश्य, फिजिक्स हे प्रोसेसरचं काम आहे. ते ‘हाय’ वर ठेवा. रे ट्रेसिंगनेही प्रोसेसरवरचं ओझं वाढतं. सावल्या, टेक्स्चर, अँटीअलायझिंग तेवढं खाली आणा.

जागा जड निवडा. बाल्डर्स गेट ३ मोजायचा तर तिसऱ्या अंकातल्या शहरात, सायबरपंक २०७७ मोजायचा तर गर्दीच्या बाजारात. रिकाम्या मैदानात चालून काढलेला एफपीएस दिसायला सुंदर असतो, पण खेळताना अडखळ तिथे येत नाही.

कॅपफ्रेमएक्समध्ये (फ्रेमचा वेळ नोंदवणारं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग ६० सेकंदांचं ठेवा. प्रत्येक वेळी त्याच वाटेने, त्याच सेव्हपासून. पहिली फेरी शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) बनवण्यात जाते, ती पुसून टाका. नंतरच्या तीन ठेवा. तिन्हींत तीन टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर काहीतरी पार्श्वभूमीत चालू आहे, पुन्हा घ्या.

सरासरीशेजारी ‘वन पर्सेंट लो’ (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) लिहा. सरासरी १४४ एफपीएस म्हणजे फ्रेममागे सुमारे ७ मिलिसेकंद. एखादी फ्रेम ३० मिलिसेकंदांची आली की सरासरी हलतही नाही, पण नेम चुकतो.

> तपासा: ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर आहे? मग ती फेरी कार्डाची होती, आकडा खोडा. ‘सीपीयू तर ३० टक्केच वापरला जातोय’ हे वाक्यही विसरा. १६ थ्रेडमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो ६.२५ टक्केच दिसतो, आणि गेम बहुधा त्या एकाच थ्रेडवर अडलेला असतो.

भाग ब: तुमचं रोजचं जग. आता तुमच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन, तुमची नेहमीची सेटिंग. भाग ‘अ’ मधला मोठा फरक इथे बहुधा आक्रसतो. १४४०पी वर दोन्ही प्रोसेसर सारखे येत असतील तर पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. तरीही भाग ‘अ’ वगळू नका: दोन वर्षांनी कार्ड बदलाल तेव्हा प्रोसेसर कुठे अडेल, हे तोच सांगतो.

## ९. उष्णता आणि वीज

पहिल्या प्रोसेसरची चाचणी सकाळी आणि दुसऱ्याची दुपारी, असं करू नका. प्रत्येक फेरीआधी हवा आत जाते त्या बाजूचं तापमान लिहा आणि तुलना फरकाची करा: प्रोसेसर ७५, खोली २५, म्हणजे फरक ५०. तोच फरक मे महिन्यात नागपूर-अकोल्यात ३८ अंशांच्या खोलीत ८८ वर पोचतो, म्हणजे ७८००एक्स३डी च्या मर्यादेला एक अंश उरला. एसीत केलेली चाचणी विनाएसी वापरणाऱ्याला फसवते.

विजेसाठी वॅट एकटे बघू नका, पूर्ण कामाला किती वीज लागली ते बघा. समजा ८८ वॅटवर काम ३०० सेकंदांत झालं: ८८ × ३०० ÷ ३६०० = ७.३ वॅटतास. १४२ वॅटवर तेच २७० सेकंदांत झालं: १०.७ वॅटतास. अर्धा मिनिट वाचवायला जवळजवळ दीडपट वीज. रोज तासनतास रेंडर करणाऱ्याने हे बिलावरच्या प्रतियुनिट दराशी गुणून बघावं. वॅटमीटरचा आकडा सॉफ्टवेअरपेक्षा मोठा येईल, कारण त्यात बोर्ड, पंखे आणि पॉवर सप्लायची गळतीही धरलेली असते.

## १०. आकड्यांतून निर्णय

गेमांची सरळ सरासरी काढू नका. ४०० एफपीएस देणारा एक गेम बाकी सगळ्यांना गिळतो. प्रत्येक गेमसाठी दोन प्रोसेसरांचं गुणोत्तर काढा आणि त्या गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घ्या. एक्सेलमध्ये जिओमीन हे फंक्शन आहे. कामांसाठी वेगळी ओळ ठेवा, दोन्ही एकत्र करून एकच गुण बनवू नका. मग पहिल्या पानावरचे तास बघून कोणत्या ओळीला वजन द्यायचं ते ठरवा.

फेऱ्यांमधली तफावत तीन टक्के आणि दोन प्रोसेसरांतला फरक दोन टक्के असेल, तर ते दोघे सारखे. तिथे किंमत बघा, आणि किंमत म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कूलर मिळून. एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ आणि पुढेही साथ द्यायचं जाहीर केलं आहे. १४व्या पिढीच्या इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट मात्र तिथेच संपला, पुढचे कोअर अल्ट्रा एलजीए १८५१ वर आहेत.

प्रत्येक पानावर तारीख, बायोस आवृत्ती, विंडोज आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि खोलीचं तापमान लिहा. यातलं एक जरी बदललं तर जुन्या प्रोसेसरची निदान एक फेरी पुन्हा घ्या. ती आधीच्या आकड्याशी जुळली नाही, तर जुनी पानं नव्या प्रोसेसरशेजारी ठेवता येणार नाहीत. दोघांची मोजणी पुन्हा करावी लागेल.